रुसायची जागा

शालिकभाऊंचं नाव निघालं की आजही माझ्या पोटात दुखतं. लपवून काय करायचं? परवा एक जोडपं स्टुडिओत आलं. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलेला, त्याआधी बाहेर कुठेतरी फोटो काढायचे होते. पोरगी खुर्चीवर नीट टेकलीही नव्हती, तर विचारते, "काका, ते जागा सांगणारे काका कुठं बसतात?" तिच्यामागच्या भिंतीवर सगळे माझे फोटो. दारावर माझ्या नावाची पाटी. टेबलावर माझा कॅमेरा. आणि हिला पाहिजेत शालिकभाऊ! "ते हैदराबादला गेले, मुलाकडे," मी म्हटलं. तिचं तोंड एवढंसं झालं. मग नवऱ्या मुलाकडे पाहून बळंच म्हणाली, "बरं, मग तुम्हीच सांगा." तुम्हीच! तो 'च' मला दिवसभर टोचत राहिला.

शालिकभाऊ नरखेडकडचे. गावी भावाकडे संत्र्याची थोडी बाग होती. हे मात्र नागपुरात येऊन शाळेच्या पोरांची व्हॅन चालवायचे आणि प्रताप नगरात माझ्या स्टुडिओच्या मागच्या गल्लीत राहायचे. उंच, किडकिडीत माणूस. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, आणि डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. ऊन असो नसो, तो दुपट्टा उतरायचा नाही. हातात सदानकदा खर्र्याची पुडी. सुपारी-तंबाखूचा हा आमच्याकडचा प्रकार प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळहातावर घोटत बसायचा असतो. शालिकभाऊ खायचे कमी आणि घोटायचे जास्त. कुंदावहिनी, म्हणजे त्यांची बायको, दिसल्या की पुडी खिशात. वहिनी गेल्या की पुडी बाहेर.

ते माझ्याकडे पहिल्यांदा आले ते पासपोर्ट साईझ फोटो काढायला. तेव्हा माझ्यासमोर एक जोडपं बसलं होतं आणि तासभर माझं डोकं खात होतं. पोरीला मागे समुद्र पाहिजे होता. नागपुरात समुद्र! मी म्हटलं, फुटाळा तलाव. तर पोरगा म्हणाला, तिथं सगळेच काढतात. मी म्हटलं, सेमिनरी हिल्स. पोरगी म्हणाली, तिथं माझ्या ताईचे झाले. मग मी माझी हुकमी जागा काढली. खाप्याला कन्हानचा काठ आहे, सकाळचं कोवळं ऊन पाण्यावर येतं, मोठाले खडक आहेत, माणूस नाही काणूस नाही. ही जागा मी किती दिवसांपासून मनात जपून ठेवली होती! "खापा?" दोघांनी एकदमच म्हटलं, आणि एकमेकांकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांना तहसील कचेरीत फोटो काढा म्हटलं.

तेवढ्यात बाकावरून आवाज आला. "तुमच्यातलं रुसून कोण बसलं होतं गा?"

मी म्हटलं, "भाऊ, तुमच्या फोटोले वेळ आहे. बाहेर बसा."

पण पोरगी खुदकन हसली. "मी! विचारा ना याला, का रुसली म्हणून." झालं असं होतं की दोघं स्कूटरवर फिरायला निघाले होते. पेट्रोल भरायला पोरगी खाली उतरली. पेट्रोल भरून झालं आणि हा पठ्ठ्या तिला तिथंच सोडून निघून गेला. नुसता गेला नाही, पुढच्या सिग्नलपर्यंत तिच्याशी गप्पा मारत गेला. परत आला तेव्हा ही हवा भरायच्या यंत्राजवळ, निंबाच्या झाडाखाली, हाताची घडी घालून उभी. बसायलाच तयार नाही.

"मग काढा ना तिथंच," शालिकभाऊ म्हणाले.

"पेट्रोल पंपावर?" मी जवळजवळ ओरडलोच.

"पंपावर काहून? निंबाखाली. फोटोत तं सगळेच हसते गा. पण जिथं रुसले तिथंच हसले, तं मजा आहे."

आणि काढले आम्ही. ती निंबाला टेकून तोंड फिरवून उभी, हा मान खाली घालून स्कूटर ढकलत येतोय, आणि मग दोघांनाही असं काही हसू फुटलं की हवा भरणारा माणूससुद्धा नळी हातात धरून हसत राहिला. ते हसू नेमकं पकडायला मी गिट्टीवर पालथा पडलो होतो. कोपर सोलून निघालं. तो फोटो शहरभर मोबाईलवर फिरला. जो तो म्हणे, जागा काय भारी निवडली! जागा! अरे, त्या भर दुपारी निंबाच्या कवडशांतून पोरीच्या चेहऱ्यावर तेवढाच उजेड कसा आला, हे एकाने तरी विचारावं? नाही विचारलं कोणी.

त्या दिवशी शालिकभाऊ माझ्या दुकानात जे बसले ते बसलेच. सकाळी पोरांना शाळेत सोडायचं, की आलेच. दुपारी पोरांना घरी सोडायचं, की परत हजर. गिऱ्हाईक आलं की माझ्या आधी त्यांचा प्रश्न तयार. रुसून कोण बसलं, अन् कुठं? हा प्रश्न कुठून आला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "शाळेची व्हॅन चालवतो मी. रुसलेलं पोट्टं कुठं जाऊन बसते, हे मले नाही समजणार तं कोणाले समजन? घरचे सगळीकडं शोधते. मी सरळ तिथंच जातो." आणि अभिमानाने दुपट्टा सारखा केला. नम्रपणा त्या माणसाच्या आसपासही फिरकला नव्हता. लाईटचा स्टँड उचला म्हटलं तर म्हणायचे, "मी जागा दाखवतो, हमाली नाही करत."

एकदा एक जोडपं आलं, दोन्हीकडच्या आयांनी जमवलेलं, दोनचारदा कॅफेत भेटलेलं. दोघंही भारी शहाणी. शालिकभाऊंनी विचारलं तर म्हणे, आम्ही रुसलोच नाही कधी. "मग जा," शालिकभाऊ म्हणाले. "रुसून या. मंग पाहू." आणि घालवून दिलं की हो! मी कपाळाला हात लावला. आलेलं गिऱ्हाईक! दिवसभर मी त्यांच्याशी बोललो नाही. पुढच्याच आठवड्यात ते दोघं परत आले, पोरगी रागाने लालेलाल. मुलाने तिच्या हातच्या पोह्यांना नावं ठेवली होती, आणि ती अंबाझरीच्या बांधावर जाऊन बसली होती. "बसलं," शालिकभाऊ म्हणाले.

हा त्यांचा शब्द. जागा पटली की तळहातावर पुडी घोटायची थांबायची आणि तोंडातून एवढंच निघायचं: बसलं. मग ते व्हॅनमध्ये जाऊन दुपट्टा डोळ्यांवर ओढून झोपायचे. मी तिकडे उन्हात तळतोय, पदर धर म्हणतोय, मान वळव म्हणतोय, आणि हे घोरतायत. फोटो तयार झाले, पडद्यावर लावले, जोडपं खुळ्यासारखं पाहतंय, तरी हा माणूस मान वळवून पाहायचा नाही. "शालिकभाऊ, पाहा तरी," मी म्हणायचो. "जागा पाहिली ना मी. आता फोटो काय पाहू?" इतकी वर्षं आम्ही सोबत काम केलं, पण त्यांनी माझा एकही फोटो पाहिला नाही. लोकांनी नाही विचारलं तर नाही विचारलं. पण याने एकदा पाहावा, एकदा 'वा' म्हणावं, एवढंच मला वाटायचं. आणि नेमकं तेच व्हायचं नाही. या एका गोष्टीसाठी मी त्या माणसावर जळत राहिलो, अगदी खुल्लमखुल्ला.

चारचौघांत तोडून बोलायचो. ते आले की पंखा बंद करायचो. घरीही हेच. बायको म्हणायची, "तुम्ही काहून जळता त्यांच्यावर? देवमाणूस आहे." झालं! म्हणजे घरातही तेच. एके दिवशी शालिकभाऊ घरी चहाला आले आणि सहज म्हणाले, "वहिनी, तुम्ही कुठं रुसता वं?" बायको हसत म्हणाली, "गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागं." मी चहाचा कप तसाच धरून बसलो. एवढ्या वर्षांच्या संसारात मला वाटायचं, ही गच्चीवर पापड वाळवायला जाते. मला जे कधी सांगितलं नाही ते हिने या माणसाला एका कपात सांगून टाकलं. त्या दिवशी मी जेवलो नाही.

शेवटी मी ठरवलं, एक जागा आपण निवडायची, शालिकभाऊंना न सांगता. जानेवारी महिना. पोरीला नारिंगी साडीत संत्र्याच्या बागेत फोटो पाहिजे होते. नागपूरचा माणूस, संत्र्याच्या बागेला कशाला कोणाला विचारतो? नरखेड तालुक्यातल्या एका बागवाल्याचा नंबर मिळवला. फोन केला. "बाग कशी आहे भाऊ?" तो म्हणाला, "ताणावर आहे." मी म्हटलं, वा! मला वाटलं, फळांनी फांद्या ताणल्यात, आता मोडतात की काय. त्याला म्हटलं, अजिबात तोडू नका, आम्ही येतोच.

गेलो. बाग पाहिली. एक संत्रं नाही. पानं सुकून गुंडाळलेली, अर्धी खाली पडलेली, जमिनीला भेगा. बागवाला म्हणतो, "म्हटलं ना मी तुम्हाले, ताणावर आहे म्हणून." बहार धरायच्या आधी बागेचं पाणी तोडतात, झाडं मुद्दाम सुकवतात, त्याला ताण देणं म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. जन्मभर संत्री खाल्ली, आणि एवढं माहीत नाही! नारिंगी साडीतली पोरगी माझ्याकडे पाहतच राहिली. मग विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या पायरीवर जाऊन बसली, बागेकडे पाठ करून.

नवऱ्या मुलाने तेवढ्यात फोन लावला. कोणाला? शालिकभाऊंना! त्यांचा नंबर सगळ्यांकडे असायचा. फोन माझ्या कानाला लावला.

"अरुण, पोट्टी कुठं बसली?"

"मोटारीच्या खोलीच्या पायरीवर."

"तोंड कुणीकडं?"

"पाठ केली आहे."

"बसलं. नवरदेवाले म्हण, खाली जमिनीवर बस अन् माफी माग. तू काढत राह्य."

"माफी त्याने कशाले मागायची? चूक तर…"

"अरे भैताडा, चूक कोणाची हे कोण पाहून राहिलं? अन् लवकर ये. वांग्याची भाजी झाली आहे." तिकडून वाटी-चमच्याचा आवाज येत होता. हे जेवत होते!

तो पोरगा खरंच त्या भेगाळलेल्या जमिनीवर, पांढऱ्या कुर्त्यानिशी, वाळलेल्या पानांत बसला आणि कान धरले. सगळ्या करड्या रंगात ती एक नारिंगी साडी. तिने खांद्यावरून वळून पाहिलं आणि मी बटण दाबलं. माझ्या हातून निघालेला तो सगळ्यात चांगला फोटो आहे, हे मीच सांगतो. आणि चूक माझी, माफी मागितली त्याने, जागा शालिकभाऊंची. माझं काय होतं त्यात? बोट.

मधे कधीतरी कानावर आलं होतं की एक मोठा स्टुडिओ शालिकभाऊंना बोलावतोय. मी मनात म्हटलं, जा बाबा एकदाचा. तोंडाने म्हणायची मात्र छाती झाली नाही, कारण गिऱ्हाईक त्यांच्याचसाठी येत होतं. त्याच सुमारास एका दुपारी कुंदावहिनी माझ्या दुकानासमोरच्या पिठाच्या गिरणीच्या पायरीवर कितीतरी वेळ बसलेल्या दिसल्या होत्या, मांडीवर पिशवी घेऊन. मी म्हटलं, दळण टाकलं असेल. शालिकभाऊ कुठे गेले नाहीत. मला वाटलं, बोलावण्याची गोष्ट त्यांनीच उठवली असेल भाव खायला.

मग मुलाला हैदराबादला नोकरी लागली. त्याने आईबापाला बोलावलं. व्हॅन विकली. निघायच्या दिवशी सकाळी दोघं स्टुडिओत आले. वहिनींनी मोरपंखी साडी नेसली होती. शालिकभाऊंनी शर्ट कडक इस्त्रीचा घातला होता, दुपट्टाही धुतलेला.

"आमचा एक फोटो काढ गा," शालिकभाऊ म्हणाले. "आमच्या साक्षगंधाच्या दिवशी फोटोवाला आलाच नव्हता."

"कुठं काढायचा?" माझ्या तोंडून सवयीने निघालं.

"तू सांग. मले माह्यी जागा सुचूनच नाही राहिली."

तू सांग! इतक्या वर्षांत कोणी हे म्हटलं नव्हतं, आणि म्हणत कोण होतं तर हा माणूस. "खापा," मी म्हटलं. "कन्हानचा काठ. आत्ता निघू, गाडी सांगतो, तुमच्या रेल्वेच्या वेळेआधी परत आणतो."

"चाल," शालिकभाऊ म्हणाले. एवढं सोपं! माझी जागा, आणि शालिकभाऊ म्हणतायत चाल. मी बॅग भरायला घेतली. खडक कोणते, ऊन कुठून येईल, सगळं डोळ्यांपुढे. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "चांगलीच असन जागा," आणि साडीची निरी सारखी करू लागल्या. तो आवाज मी ओळखत होतो. मी जागा सांगितली की सगळी जोडपी याच आवाजात चांगली आहे म्हणायची.

बॅगेची चेन अर्धी लावलेली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, तुम्ही रुसून कुठं बसल्या होत्या?" जीभ तोडून टाकावीशी वाटली. हातातली कन्हान मी स्वतःच सोडली होती.

वहिनींनी दाराबाहेर बोट केलं. "हे काय, तुमच्यासमोर. गिरणीच्या पायरीवर."

"गिरणीच्या? तुम्ही तर दळण…"

"कायचं दळण भाऊजी! ह्यांले मोठ्या स्टुडिओवाल्यानं बोलावलं होतं. मी म्हटलं, जा. तं हे म्हणे, नाही जात. मी म्हटलं, काहून? तो अरुण तुमच्यावर जळते, लोकांसमोर टाकून बोलते, अन् तुम्ही त्याच्याच दारात बसता? तं मले काय म्हणाले माहीत आहे?"

"सोड ना वं," शालिकभाऊ खिशात पुडी चाचपत म्हणाले.

"म्हणाले, जळते म्हणूनच तं तो असे फोटो काढते. मी गेलो तं थंडा पडन तो." वहिनी हसल्या. "मी गेली अन् बसली तिथं. संध्याकाळपर्यंत उठली नाही."

राग आला, अगदी टाळूपर्यंत आला. म्हणजे माझं जळणंही या माणसाने वापरून घेतलं? चुलीत लाकूड सरकवतात तसं रोज येऊन बाकावर बसायचे? आणि फोटो चांगले असतात हे याला कळलं कुठून, जर कधी पाहिलेच नाहीत? मी कॅमेरा उचलला आणि रस्ता ओलांडला.

गिरणी चालू होती. पायरीवर पिठाचा पांढरा थर. वहिनी बसल्या, न सांगता तोंड फिरवलं. शालिकभाऊ शेजारी बसले, कडक इस्त्रीला पीठ लागलं, तरी बसले. "सरक ना वं थोडी," म्हणाले. "नाही सरकत," वहिनी म्हणाल्या आणि हसू दाबू लागल्या. दारातून पिठाचा धुरळा उन्हात येत होता. मी रस्त्यावर पालथा पडलो. मागे कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. वाजू दे म्हटलं. वहिनींचं हसू फुटलं, शालिकभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि मी बटण दाबलं.

ऑटो येऊन उभा होता. वहिनी आत जाऊन बसल्या आणि इकडे पुडी बाहेर निघाली. शालिकभाऊ उठले, मागचं पीठ झटकलं, आणि दोन पावलं जाऊन परत फिरले.

"दाखव," म्हणाले.

मी कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी दुपट्ट्याचं टोक धरून पडद्यावर सावली केली आणि वाकून पाहू लागले. पाहत राहिले. पुडी घोटायची थांबली. वहिनींनी ऑटोतून हाक मारली, तरी हलले नाहीत. आता म्हणतील, मी म्हटलं. आता.

"बसलं," ते म्हणाले. माझ्या खांद्यावर थोपटलं. पिठाचा हात होता. "जागा बेस निवडली गा, अरुण."

जागा! फोटोबद्दल एक अक्षर नाही. ऑटोत जाऊन बसले, वहिनींना सरकवलं, दुपट्टा बांधला आणि मागे वळून न पाहता कोपऱ्यावरून वळले.

मी परत दुकानात गेलो नाही. तिथंच गिरणीच्या पायरीवर बसलो, रस्त्याकडे पाठ करून, कितीतरी वेळ. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटलं असेल, दळण टाकलं असेल.